पंक संगीत आणि शाळेला दिलेला नकार

शिक्षणाविषयी आपली भूमिका ठरलेली आहे. बाबासाहेबांच्या तीन आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा शिक्षणाची, आणि आपल्या पिढ्यांनी ती जिवाच्या कराराने पाळली. बोर्डिंगातले पाणचट वरण खाऊन, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसे मॅट्रिक झाली. अशा समाजाच्या कानावर शाळेला शिव्या घालणारे, शाळेची इमारत उडवून द्या म्हणणारे संगीत आले तर त्याने काय म्हणावे? 'पोट भरलेल्यांच्या पोरांचे चाळे' एवढे म्हणून तो पुढे जाईल. १९७६ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत उसळलेल्या पंक रॉक या संगीताची अशी बोळवण करणे सोपे आहे. पण त्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ज्या लंडनमध्ये बाबासाहेबांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळविली, त्याच लंडनमधील कामगारांची पोरे अर्धशतकानंतर शाळेकडे पाठ का फिरवीत होती? त्यांना शिक्षण फुकट होते, सक्तीचे होते. निदान वरवर पाहता शिवाशिव नव्हती. मग त्यांचे भांडण कशाशी होते?

उत्तरासाठी इंग्लंडमधील शाळेची घडण पाहिली पाहिजे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. कागदावर ही मोठीच क्रांती होती. प्रत्यक्षात मूल अकरा वर्षांचे झाले की त्याची एक परीक्षा घेतली जाई आणि त्या एका परीक्षेवर त्याचा पुढचा रस्ता ठरे. पास झालेली थोडी मुले ग्रामर स्कूलमध्ये जात. तेथून विद्यापीठ, कचेरी, डॉक्टरी, वकिली. उरलेली बहुसंख्य मुले बहुतेक सेकंडरी मॉडर्न नावाच्या शाळांत जात. तेथून गिरणी, गोदी, कारखाना. परीक्षा सर्वांना सारखीच होती. परंतु ज्याच्या घरात पुस्तके आहेत, ज्याचे आईबाप 'शुद्ध' इंग्रजी बोलतात, तोच बहुधा पास होई. म्हणजे जन्माने ठरलेली गोष्ट गुणवत्तेने ठरली असे दाखविणारे हे यंत्र होते. राखीव जागांच्या वादात 'गुणवत्ता' हा शब्द ज्यांनी ऐकून घेतला आहे, त्यांना हे यंत्र अधिक समजावून सांगायला नको. १९६५ नंतर मजूर सरकारने दोन्ही प्रकारच्या शाळा एकत्र करण्याचे धोरण घेतले. पण पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली हुशारांची तुकडी वेगळी आणि 'ढ' पोरांची वेगळी, हे चालूच राहिले. छडी तर कायदेशीरच होती. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून ती गेली १९८७ मध्ये.

त्यातच १९७२ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय १५ वरून १६ करण्यात आले. आपल्याला पुढे कोणते काम मिळणार हे पुरते ठाऊक असलेल्या पोराला आणखी एक वर्ष बाकावर बसविले गेले. आणि तो बाहेर पडला तेव्हा ते कामही उरले नव्हते. १९७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील बेकारांची संख्या १५ लाखांच्या आसपास गेली होती. १९८२ मध्ये ती ३० लाखांवर पोचली. शाळा आणि कारखाना यांच्यात एक न बोललेला करार होता. मुकाट बस, कंटाळा सोस, शेवटी आठवड्याच्या पगाराचे पाकीट हातात पडेल. कारखान्याने तो करार मोडला, आणि शाळा मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात हजेरी घेत राहिली. पंक हा त्या मोडलेल्या करारानंतरचा आवाज आहे.

'पंक' ही मुळात शिवी. शेक्सपिअरच्या काळात ती वेश्येला दिली जाई. पुढे अमेरिकेत उनाड, कुचकामी, वाया गेलेल्या पोराला. पोरांनी ती अंगावर घेतली आणि तेच नाव लावले. संगीताचे तंत्र मुद्दाम साधे ठेवलेले. गिटारवर तीन स्वरमेळ, ड्रमचा धावता ठेका, दोन-अडीच मिनिटांचे गाणे आणि गाण्यापेक्षा ओरडण्याला जवळचा गळा. त्याआधीचे रॉक संगीत फार श्रीमंत झाले होते. पंधरा-वीस मिनिटांच्या रचना, ट्रकभर वाद्ये, वर्षानुवर्षांचा सराव. ज्याच्याजवळ पैसा आणि उसंत आहे त्यानेच हात घालावा अशी ती कला झाली होती. १९७६-७७ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील एका घरगुती अंकात गिटारवरचे तीन स्वरमेळ कसे धरायचे याची हाताने काढलेली आकृती छापून आली, आणि सोबत, एवढे येते ना, मग आता बँड काढा, अशा आशयाची सूचना. अभ्यासक्रम एवढाच. 'तुला जमणार नाही' असे शाळेने ज्याला दहा वर्षे ऐकविले, त्याच्या दृष्टीने या आकृतीचा अर्थ काय झाला असेल हे आपल्याकडे सायक्लोस्टाईलवर अंक काढणाऱ्यांना कळेल.

गाण्यातून शाळेवर राग काढणे ही काही पंकची नवलाई नव्हे. १९५५ च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' या अमेरिकन चित्रपटात वर्गातील दंगेखोर पोरांच्या गोष्टीला रॉक अँड रोलची जोड मिळाली. १९५७ मध्ये चक बेरी या काळ्या गायकाने शाळेतल्या कंटाळवाण्या दिवसावर गाणे केले, १९७२ मध्ये अ‍ॅलिस कूपरने शाळा सुटल्याचा जल्लोष केला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील रामोन्स हा बँड याच वंशावळीतला. त्यांच्या १९७६ मधील पहिल्या तबकडीत १४ गाणी आहेत आणि ती २९ मिनिटांत संपतात. १९७९ मध्ये 'रॉक अँड रोल हायस्कूल' या चित्रपटात ते स्वतःच चमकले. एक खाष्ट मुख्याध्यापिका, संगीतवेडी पोरे, आणि शेवटी शाळेची इमारत स्फोटाने उडते. चित्रपट गमतीचा आहे आणि गंमत म्हणूनच पाहिला पाहिजे. या विद्रोहाला शत्रू आहे पण व्यवस्था नाही. मुख्याध्यापिका वाईट आहे, म्हणून शाळा वाईट. तिच्या जागी बरी बाई आली असती तर भांडणच मिटले असते. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी खरोखरचे हत्याकांड केले, त्यानंतर तर शाळा उडविण्याचा विनोद पूर्वीसारखा हसण्याजोगा राहिला नाही.

इंग्लंडमध्ये तीच वाद्ये आणि तोच ठेका घेऊन गाणे वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचले. सेक्स पिस्टल्स या बँडचा गायक जॉन लायडन हा उत्तर लंडनमध्ये राहणाऱ्या आयरिश स्थलांतरितांचा मुलगा. लहानपणी मेंदूज्वराने त्याला सुमारे वर्षभर इस्पितळात ठेवले आणि तो परतला तेव्हा स्मृती जवळजवळ पुसली गेली होती. पुढे कॅथलिक शाळेने त्याला काढून टाकले. किडलेल्या दातांवरून त्याला 'रॉटन' म्हणजे सडका हे नाव पडले. तेच त्याने मंचावर लावले. १९९४ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. आयरिश नको, काळे नको, कुत्री नको, अशा ज्या पाट्या लंडनमधील घरमालक एके काळी लावीत, त्या पाटीवरूनच त्याने पुस्तकाचे नाव ठेवले. याच बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स याला प्रौढ वयापर्यंत धड वाचता येत नव्हते, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. सक्तीच्या शिक्षणाची सारी वर्षे आणि अक्षरओळख अपुरी! शाळेने नापास केले असे म्हणायचे, की शाळा नापास झाली असे? १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाली त्या उत्सवात या पोरांनी राष्ट्रगीताचेच नाव घेऊन राणीविरुद्ध गाणे काढले. बीबीसीने त्यावर बंदी घातली, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. क्लॅश या दुसऱ्या बँडने त्याच वर्षी 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' या गाण्यात शाळा सोडलेल्या पोरापुढे टाकल्या जाणाऱ्या नोकऱ्यांची हजेरीच घेतली. अर्थात क्लॅशचा गायक जो स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याचा मुलगा आणि वसतिगृहाच्या शाळेत शिकलेला, हेही ध्यानात ठेवावे. पंकमधील सगळीच पोरे कामगारांची नव्हती. बरीचशी कलाशाळांतून आलेली होती. उसन्या वेदनेचा प्रश्न तेथेही आहेच.

या पोरांच्या नकाराची खरी परीक्षा गाण्यांपेक्षा एका पुस्तकात झाली आहे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे. पॉल विलिस या समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'लर्निंग टू लेबर' नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या मध्य भागातील एका कारखानदारी गावात त्याने कामगारांच्या १२ मुलांचा शाळेतल्या शेवटच्या काळापासून कामावर लागेपर्यंत माग घेतला. ही पोरे मास्तरांची टिंगल करीत, वर्गात झोपत, विड्या ओढीत, आणि मुकाट ऐकणाऱ्या मुलांना कानावरून नाव ठेवून हिणवीत. विलिसचे म्हणणे असे की ही पोरे मूर्ख नव्हती. अभ्यास केलात तर वर जाल हे शाळेचे आश्वासन एखाद्या मुलाच्या बाबतीत खरे ठरेल, सगळ्या वर्गाच्या बाबतीत कधीच ठरणार नाही, हे त्यांनी मास्तरांपेक्षा आधी ओळखले होते. पण ही ओळख त्यांना कोठे घेऊन गेली? पुस्तक म्हणजे बायकी काम, अंगमेहनत म्हणजे मर्दपणा, असे समीकरण त्यांनी मांडले. बायका आणि काळे-सावळे लोक आपल्याहून हलके असे मानले. आणि शाळेला हरविल्याच्या आनंदात ती नेमकी त्याच कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली, जेथे व्यवस्थेला ती हवी होती. कोणाला ढकलावेसुद्धा लागले नाही.

विद्रोह हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची वाटते. नकारामुळे माणूस मोकळा होतोच असे नाही. कशाला नकार दिला यावर ते ठरते. त्या १२ पोरांनी शाळेतील वर्गभेदाबरोबर अक्षरही टाकून दिले. आपल्या इतिहासात जवळपास त्याच वयाच्या एका मुलीने नेमके उलटे केले होते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. शाळेत मिळालेले अक्षर तिने धर्मव्यवस्थेवरच उगारले. दोघांचे वय एक, राग एक. फरक पडला तो हातात काय ठेवले याचा. तिला शाळाही फुल्यांची मिळाली होती, हे मात्र विसरू नये. विलिसच्या पोरांच्या वाट्याला फुले आले नव्हते.

पंकमध्ये मात्र काही पोरांनी अक्षर टाकले नाही, असे दिसते. १९७६ मध्ये मार्क पेरी या बँकेतील कारकून पोराने 'स्निफिन ग्लू' नावाचा अंक काढला. घरचा टाईपरायटर, चुकलेल्या अक्षरांवर फुल्या, हाताने लिहिलेले मथळे, झेरॉक्स केलेली पाने. तो पाहून गावोगाव असे अंक निघाले. ज्यांना निबंधात गुण मिळत नव्हते ती पोरे रात्र रात्र जागून लिहू लागली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची तबकडी स्वतः काढली. ईटर हा बँड तर शाळकरी पोरांचाच होता. त्यांचा ड्रमवादक अवघा चौदा वर्षांचा. स्लिट्स या मुलींच्या बँडची गायिका आरी अप हीसुद्धा सुरुवातीला चौदाचीच. शाळेला दिलेला नकार येथे शिकण्याला दिलेला नव्हता. उलट मास्तर नसताना शिकता येते, हे त्यांना प्रथमच कळले.

आता वर म्हटलेल्या शिवाशिवीकडे वळले पाहिजे. गोऱ्या कामगाराच्या पोराला शाळेने खालच्या तुकडीत बसविले. काळ्या आणि आशियाई पोरांच्या बाबतीत ती त्याहून पुढे गेली. लंडनमध्ये शिक्षक असलेल्या ग्रेनाडाच्या बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एका पुस्तिकेत दाखवून दिले की वेस्ट इंडियन मुलांना त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत टाकले जात होते. बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या, म्हणून बुद्धी कमी! पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये पंजाबी मुलांची संख्या वाढली तेव्हा गोऱ्या पालकांनी ओरड केली आणि १९६३ पासून आशियाई मुलांना बसमध्ये घालून दूरदूरच्या शाळांत वाटून टाकण्यास सुरुवात झाली. १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने तर प्रमाणच सांगितले : एका शाळेत स्थलांतरितांची मुले सुमारे एक तृतीयांशाहून अधिक असू नयेत. बसमध्ये बसावे लागे ते सावळ्या मुलांनाच, गोऱ्यांना नव्हे. वर्गाबाहेर बसविणे आणि वस्तीबाहेरच्या वर्गात वाटून टाकणे यांत पद्धतीचा फरक आहे. मूल जेथे असेल तेथे ते जास्तच आहे, हा विचार दोन्हीकडे एकच.

१९७६ च्या जूनमध्ये साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या मोठ्या गिटारवादकाने मंचावरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकली. तिच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिने भरविलेल्या मेळ्याला लाखाच्या घरात माणसे आली. त्या दिवशी क्लॅशबरोबर एक्स-रे स्पेक्स हा बँडही वाजला. त्याची गायिका पॉली स्टायरीन ही सोमाली बापाची आणि गोऱ्या आईची मुलगी; ब्रिक्स्टनमध्ये वाढलेली, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली. दातांना तारा लावून, कोणालाही आवडून घेण्याचा प्रयत्न न करता ती गाई. साउथॉलच्या पोरांच्या पिढीचा आवाजही लवकरच आला. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरदर्शनवर परक्या संस्कृतीचे लोक आपल्याला बुडवतील अशा भीतीची भाषा केली होती. लंडनमधील तीन पाकिस्तानी वंशाच्या तरुणांनी एका गोऱ्या मित्राला घेऊन १९७९ मध्ये बँड काढला आणि त्याचे नावच ठेवले 'एलियन कल्चर', परकी संस्कृती. १९८० मध्ये त्यांची एकुलती एक तबकडी निघाली. तिच्यातील आशियाई पोर दोन आघाड्यांवर लढते आहे : बाहेर गोऱ्यांशी आणि घरात जुन्या रिवाजांशी. हा दुहेरी विद्रोह गोऱ्या पंकला कधी जमला नाही, कारण त्याला त्याची गरजच पडली नाही.

२३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा घेतली. निषेधाला आलेल्या लोकांवर पोलीस तुटून पडले. तेथील मिस्टी इन रूट्स या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर याचे डोके फुटले, आणि ब्लेअर पीच या ३३ वर्षांच्या माणसाचा डोक्यावरील घावाने मृत्यू झाला. तो शिक्षक होता. पूर्व लंडनमध्ये विशेष मुलांच्या शाळेत शिकवीत असे. बहुधा पोलिसाच्याच हातून तो मारला गेला, असे सांगणारा पोलीस खात्याचा अहवाल ३१ वर्षे दडून राहिला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. शाळेविरुद्ध गाणाऱ्या पोरांच्या इतिहासात मास्तरांचे हे नाव विसरता येणार नाही.

पण याच पोरांतली काही दुसऱ्या बाजूलाही गेली. नॅशनल फ्रंटचे लोक शाळांच्या दारात पत्रके वाटीत होते. बेकारी तुझी, दोष सावळ्यांचा, असे सोपे उत्तर देत होते. ३ जुलै १९८१ रोजी साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्नमध्ये पंकमधून निघालेल्या 'ऑय' या प्रकारच्या बँडांचा कार्यक्रम होता. बसगाड्यांतून आलेल्या मुंडण केलेल्या स्किनहेड पोरांनी आशियाई दुकानांवर हल्ले केले आणि चिडलेल्या स्थानिक तरुणांनी ती खानावळच पेटवून दिली. वादकांनी पुढे आपण वंशवादी नाही असे सांगितले. असेल. पण त्यांच्या गाण्याचा राग रिकामा होता, आणि रिकाम्या भांड्यात कोणीही काहीही ओततो.

१९७६ च्या त्याच जूनमध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला शाळेविरुद्ध खरा उठाव झाला, आणि त्याच्या मागे गिटार नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मजुरीपुरतेच शिक्षण द्यावयाचे ठरविले होते. त्यात निम्मे विषय गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकविण्याची सक्ती आली तेव्हा १६ जून रोजी सोवेटोची हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती मुले शाळा सोडून आली होती ती शिक्षण मागण्यासाठी. यानंतर १९७९ मध्ये जोहान्सबर्गला नॅशनल वेक हा काळ्या-गोऱ्यांचा मिश्र पंक बँड उभा राहिला. इव्हान केडी हा गोरा गिटारवादक आणि खोझा बंधू. वंशवार वस्त्यांच्या कायद्याने त्यांना एका घरात राहण्याचीदेखील मुभा नव्हती. १९८१ मध्ये एक तबकडी काढून, सरकारी दडपणाखाली तो बँड विझला. १९८० मध्ये शाळांवर बहिष्कार घालणाऱ्या मुलांच्या तोंडी लंडनचे एक गाणे होते. ते पंक नव्हते. पिंक फ्लॉइड या श्रीमंत बँडचे, लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतील मुलांच्या आवाजातले १९७९ चे गाणे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यावर बंदी घातली. लंडनमध्ये जे नाताळातले खपाऊ गाणे होते, ते केपटाउनला गुन्हा ठरले.

उलटेही घडते. १९७९ मध्ये द जॅम या बँडने 'द ईटन रायफल्स' हे गाणे काढले. कामाचा हक्क मागणाऱ्या बेकारांच्या मोर्चाची ईटन या धनिकांच्या शाळेतील पोरांनी हुर्यो उडविली, त्यावरून ते सुचले. २००८ मध्ये विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरन यांनी हे आपले आवडते गाणे असल्याचे सांगितले. ते स्वतः ईटनचेच विद्यार्थी. गाण्याचा कर्ता पॉल वेलर भडकला, पण कॅमेरन दोन वर्षांत पंतप्रधान झाले. प्रस्थापितांना विद्रोहाची चाल फार लवकर पाठ होते.

तरी गाणे संपलेले नाही. मे २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात द लिंडा लिंडाज या चार मुलींच्या बँडने वाजविलेले एक गाणे जगभर पाहिले गेले. मुली १० ते १६ वर्षांच्या, आशियाई आणि लॅटिन वंशाच्या; मागे पुस्तकांची कपाटे. ड्रम वाजविणारी सर्वांत धाकटी. गाण्यापूर्वी तिने स्वतःच ते कशावरून सुचले ते सांगितले. टाळेबंदी सुरू होण्याच्या थोडे आधी वर्गातला एक मुलगा तिच्याजवळ येऊन म्हणाला की चिनी लोकांपासून लांब राहायला माझ्या वडिलांनी सांगितले आहे. मी चिनी आहे, असे तिने सांगितले. तो मागे सरकला.